सारोस: ‘तेच ग्रहण’ पण जागा वेगळी

‘दर १८ वर्षांनी तेच चंद्रग्रहण पुन्हा दिसते’ हे नेहमी ऐकू येणारे वाक्य अर्धेच बरोबर आहे. सारोस म्हणजे ग्रहणांचे हे चक्र: २२३ चांद्रमास (पौर्णिमा ते पौर्णिमा), ६५८५.३२ दिवस. तेवढ्यात चंद्राच्या २४२ पात-फेऱ्या (पात म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो बिंदू; राहूपासून राहूपर्यंत एक फेरी) ६५८५.३६ दिवसांत पुऱ्या होतात, आणि उपभूच्या (चंद्र पृथ्वीला सर्वांत जवळ येतो त्या बिंदूच्या) २३९ फेऱ्या ६५८५.५४ दिवसांत. तिन्ही जवळजवळ जुळतात म्हणून ग्रहण तशाच थाटाचे होते.

गोची त्या .३२ मध्ये. तेवढ्या, म्हणजे सुमारे ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश वळते. २८ ऑगस्ट २००७ च्या खग्रासाचा मध्य भारतात दुपारी चार-सव्वाचारला, चंद्र क्षितिजाखाली असताना झाला. त्याचाच पुढचा भाऊ ७ सप्टेंबर २०२५ ला रात्री ११:४१ ला, अगदी डोक्यावर! त्यानंतरचा १९ सप्टेंबर २०४३ ला सकाळी, म्हणजे आपल्याकडे चंद्र ग्रस्तच मावळणार. त्याच वेळेच्या आसपास हवे असेल तर तीन सारोस, ५४ वर्षे आणि महिनाभर मोजा: २०२५ च्या मागे ६-७ ऑगस्ट १९७१ ची मध्यरात्र.

‘१८ वर्षे ११ दिवस’ डोळे मिटून मिळवू नका. मध्ये पाच लीप वर्षे आली तर १० दिवसच.

शिवाय दर खेपेला पातापासूनचे अंतर अर्ध्या अंशाने सरकते. त्यामुळे २००७ ची ९० मिनिटांची खग्रास अवस्था २०२५ ला ८२ वर आली. अशी मालिका छायाकल्प ग्रहणापासून (चंद्र फक्त पृथ्वीच्या विरळ सावलीतून जातो ते) सुरू होऊन छायाकल्पातच विरते, साधारण तेराशे वर्षांत.