बारा लाख प्रेक्षक कुणाच्या हिशेबात आहेत?

इकडे कार्डिफला आता साडेचारलाच अंधार पडायला लागलाय, पाऊस तर वेल्सच्या पाचवीलाच पुजलेला, त्यामुळे संध्याकाळ म्हणजे घर, गरम खिचडी आणि टीव्ही. लेकीची कार्टून्स, नवऱ्याचं क्रिकेट आणि उरलेल्या वेळात मला मराठी काय मिळेल ते, असं चाललेलं असतं. तिकडे इंदूरला लोकमान्य नगरात आईचं मालिकांचं टाइमटेबल पक्कं आहे, संध्याकाळी सातनंतर फोन उचलते पण लक्ष सगळं टीव्हीकडे, म्हणून मी लॅबमध्ये लंच ब्रेक झाला की आधी तिला फोन लावते आणि मग डबा उघडते.

परवा पुन्हा तोच विषय निघाला, मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही. २०२५ च्या जुलैत हे फार पेटलं होतं, ‘येरे येरे पैसा ३’ आणि हिंदीतला ‘सैयारा’ एकाच दिवशी लागले, हिंदीवाला तुफान चालला, मराठीचे शो कमी झाले, मग मनसेने मल्टिप्लेक्सवाल्यांना इशारे दिले, चॅनेलांवर चर्चा झाल्या. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१५ मध्ये, महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायची घोषणा केली तेव्हाही हेच सगळं ऐकलं होतं. आमच्या भावंडांच्या ग्रुपवर पुण्याची मावसबहीण तावातावाने लिहीत होती की मराठी सिनेमावर अन्याय होतोय, आणि इंदूरच्या दादाने एवढंच लिहिलं, ‘तुमच्याकडे शो कमी होतात, आमच्याकडे तर सिनेमा लागूनच नाही राहिला.’ त्यावर कुणी काहीच बोललं नाही, चर्चा पुढे गेली.

मला दादाचं ते वाक्य फार लागलं, कारण या सगळ्या वादात मराठी प्रेक्षक म्हणजे महाराष्ट्रातला प्रेक्षक हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मातृभाषा मराठी सांगणारे बारा लाखांच्या वर लोक आहेत. त्यात इंदूर, ग्वाल्हेर, देवास, उज्जैन आले, बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाड्याकडचे आले. आता मी राहते त्या वेल्सचा आकडा बघा, २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे साधारण ५ लाख ३८ हजार, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांच्या निम्म्याहूनही कमी. आणि तेवढ्या लोकांसाठी इथे एक अख्खं टीव्ही चॅनेल चालतं, एस-फोर-सी, बातम्या, मालिका, रग्बी, लहान मुलांचं सगळं वेल्शमध्ये.

हे चॅनेल कुणी आपण होऊन दिलेलं नाही. १९७९ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या पक्षाने वेल्श चॅनेलचं आश्वासन दिलं आणि निवडून आल्यावर सरकार मागे फिरलं. लोक चिडले, इथे टीव्ही बघायचा तर दरवर्षी लायसन्सची फी भरावी लागते, ती भरायला अनेकांनी नकार दिला, आणि १९८० मध्ये ग्विनफोर एव्हान्स या नेत्याने जाहीर केलं की चॅनेल दिलं नाही तर आमरण उपोषणाला बसतो. सरकारने त्याआधीच माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ ला चॅनेल सुरू झालं. आज त्याला लायसन्स फीमधून वर्षाला साधारण नऊ कोटी पाउंड मिळतात. माझ्या लॅबमधली एक सहकारी उत्तर वेल्सची आहे, वयाने माझ्या आईएवढी, ती ही हकीगत सांगते तेव्हा आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी सांगणारे आजोबा कसे सरसावून बसायचे तशीच बसते.

पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लेक पहिलीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, पण वेल्समध्ये सगळ्याच मुलांना सोळा वर्षांपर्यंत वेल्श शिकावंच लागतं, आणि तिच्या टीचरने आम्हाला सांगितलं की घरी रोज थोडा वेळ ‘किव’ लावा. हा एस-फोर-सीचा अगदी लहान मुलांचा विभाग, गाणी, गोष्टी, बाहुल्या, प्राणी, सगळं वेल्शमध्ये, आणि त्यातलं बरंचसं मुळातच वेल्शमध्ये लिहिलेलं आणि बनवलेलं. आम्हा दोघांना त्यातलं काहीही कळत नाही आणि ही पोरगी दोन महिन्यांत त्यातली गाणी म्हणत घरभर फिरायला लागली. मग मी मराठीत असं काहीतरी शोधायला बसले. डब केलेली कार्टून्स मिळाली, यूट्यूबवर बडबडगीतं मिळाली, त्यात एकाच आवाजात, एकाच चालीवर, कॉम्प्युटरने हलवलेली बाळं. पण मराठी घरात, मराठी मुलांसाठी, चांगल्या लेखकाकडून लिहून घेतलेलं, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी लागणारं काही म्हणाल तर मला नाही सापडलं. सव्वाआठ कोटींच्या वर लोकांची भाषा आहे आपली, हाही २०११ चाच आकडा. मोठ्यांच्या मालिका सात ते अकरा रांगेने लागलेल्या असतात आणि पाच-सहा वर्षांच्या पोराला त्यात जागा नाही, मग ते पोर हिंदी नाहीतर इंग्रजी कार्टून बघणारच, इंदूरमध्ये बघणार आणि पुण्यातही बघणार. थिएटरचा वाद करणाऱ्या लोकांनी या गोष्टीवर एक दिवस तरी भांडावं असं मला मनापासून वाटतं. आज ज्याने संध्याकाळी मराठी ऐकलं नाही तो वीस वर्षांनी मराठी सिनेमाचं तिकीट कशाला काढेल?

२०२५ मध्येच महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. मागे घेतला ते बरंच झालं, एवढ्याशा मुलांवर तिसरी भाषा लादू नये असंच माझं मत आहे. पण त्या दिवसांत हिंदीबद्दल जे काय काय बोललं गेलं ते इंदूरच्या माणसाला ऐकवत नव्हतं. आमच्या घरात आई-बाबांशी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी, सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताना दोन्हीची मिसळ, आणि कुणाला काही अडचण नव्हती. आमची मराठी हिंदीने बाटलेली आहे असं पुण्याच्या पाहुण्यांनी लहानपणी तोंडावर सांगितलंय, ‘करून राहिलो’ म्हटलं की हसायचे. मला ती बाटलेली वाटत नाही, होळकरांच्या वेळेपासून या शहरात टिकून राहिलेली मराठी आहे ती, आणि राज्याचा कुठलाही कायदा पाठीशी नसताना टिकलीय.

हीच मराठी मला मालिकेत कधी ऐकायला मिळत नाही. आई ‘आई कुठे काय करते’ शेवटपर्यंत न चुकता बघायची, ती मालिका मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आलेली, तिचीच हिंदी ‘अनुपमा’ झाली आणि तिथे घर झालं अहमदाबादचं गुजराती. रीमेकला माझा विरोध नाही, बाईची गोष्ट बंगालमध्ये खरी असेल तर ठाण्यातही खरी असणार. माझा प्रश्न साधा आहे, कोलकात्याचं घर अहमदाबादला नेता येतं तर एखादं मराठी घर इंदूरला का नाही नेता येत? राजवाड्याच्या मागच्या बोळात राहणारं कुटुंब, सकाळी पोहे-जिलबी, सासूबाई शुद्ध मराठीवाल्या, सून माळव्याची हिंदी बोलणारी, नातू दोन्हीत अडखळणारा, रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीत सगळं घर रंगात. किंवा बडोद्याचं, दांडिया बाजारातलं, जिथे आजी बोलता बोलता गुजरातीत शिरते. यात भांडणं, प्रेम, वाटण्या सगळं आहे, मालिकावाल्यांना लागणारं काही कमी पडणार नाही. बिग बॉस मराठीच्या पाचव्या सीझनमध्ये सूरज चव्हाण जिंकला तेव्हा गावाकडची बोली टीव्हीवर लोकांना आवडते हे दिसलंच की. मग आमचीही चालेल.

इथे वेल्समध्ये हे कसं करतात ते सांगते. २०१३ मध्ये ‘अ ग्विल’ नावाची पोलिसी मालिका आली, इंग्रजीत तिचं नाव ‘हिंटरलँड’, अॅबरिस्टविथच्या आसपासची, ओसाड डोंगर आणि समुद्र. प्रत्येक प्रसंग तेच नट घेऊन दोनदा शूट केलेला, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत, आणि ती वेल्सबाहेरही बघितली गेली. मी हे कौतुकाने बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय, आपल्या प्रभातने हेच केलंय. खरंच केलंय, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी दोन्हीत, १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’, १९४१ चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’. तेव्हा कॅमेरे अवजड, फिल्म महाग, तरी दोनदा शूट करायचे. आता मराठी निर्माते आणि मोठे ओटीटीवाले हे का करत नाहीत मला समजत नाही. ‘सैराट’सारखा सिनेमा लोक मूळ मराठीतच बघायला गेले, आणि मग दोन वर्षांनी त्याचा हिंदी ‘धडक’ झाला, वेगळे नट, वेगळं गाव, आणि आमच्या हातातून ती गोष्ट गेली.

सबटायटलचं तर मला दरवेळी वाईट वाटतं. माझा नवरा रतलामचा, घरी हिंदी, मराठी त्याला बऱ्यापैकी कळतं पण झरझर बोललं की सुटतं. ओटीटीवर इंग्रजी सबटायटल असतात, हिंदी फारच क्वचित. इंदूरमध्ये किती मराठी घरांत हिंदीभाषक सुना-जावई आहेत, त्यांचे मित्र आहेत, शेजारी आहेत, सिनेमाला चार जणांत दोन जणांना नीट कळत नसेल तर ती चौघं मराठी सिनेमाला जाणार नाहीत. पडद्यावर हिंदी सबटायटल दिली तर भाषेचा अपमान होतो असं पुण्याच्या बहिणीचं म्हणणं आहे. मला ते अजिबात पटत नाही, एस-फोर-सी इंग्रजी सबटायटल देतं म्हणून तर माझ्यासारखी बाई त्यांच्या मालिका बघू शकते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, इकडे सगळं छान आणि तिकडे सगळं वाईट असं मला म्हणायचं नाही. चॅनेल असूनही वेल्श बोलणारे कमीच झालेत, २०११ मध्ये १९ टक्के होते, २०२१ मध्ये १७.८ टक्के. नऊ कोटी पाउंड सरकारी व्यवस्थेतून येतात आणि ते कमी होतील की काय याची धास्ती माझ्या सहकारीला कायम असते. आणि आमच्या इंदूरमध्ये जे आहे ते मी कार्डिफमध्ये वेल्शसाठीही पाहिलेलं नाही. सानंद या आमच्या इंदूरच्या मराठी संस्थेची नाटकं घ्या. लोक वर्षाची सभासद फी आधी भरतात, मुंबई-पुण्याची नाटकं ट्रक भरून येतात, शनिवार-रविवारी एकाच नाटकाचे ओळीने प्रयोग, वेगवेगळ्या गटांसाठी, आणि हॉल भरलेला. नटमंडळी इंदूरच्या प्रेक्षकांचं कौतुक करतात ते उगाच नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्या काकू मिळून केबलवाल्याकडे गेल्या होत्या, लावतोस की नाही सांग म्हणून, आणि त्याने लावलं. म्हणजे मागणी आहे, पैसे द्यायची तयारी आहे, आधी पैसे द्यायची सुद्धा.

मग सिनेमाचं असं का करू नये? ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्सला वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिकचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज, आणि इंदूरच्या एकाही भावंडाने तो थिएटरात बघितला नाही. मल्टिप्लेक्सवाला रिकाम्या खुर्च्यांना घाबरतो, त्याचं मला चूक वाटत नाही, धंदा आहे त्याचा. पण खुर्च्या आधीच विकल्या गेल्या असतील तर? वर्षाला सहा चांगले मराठी सिनेमे, रविवारी सकाळचा एक शो, पैसे आगाऊ, हिंदी सबटायटल, आणि दिवाळीच्या सुट्टीत एक तरी लहान मुलांचा. यासाठी ना जीआर लागतो ना कुणाची काच फोडावी लागते.

हे मी दादाला बोलले आणि त्याने मनावर घेतलंय. कॉलनीतल्या गणपती मंडळाच्या लोकांशी बोलला, शंभर-सव्वाशे जण सहज होतील म्हणतो, एका मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला भेटून आला, तो म्हणाला पूर्ण हॉल घेत असाल तर मला काहीच हरकत नाही, सिनेमा तुम्ही आणा. आता अडलंय ते मुंबईच्या वितरकापाशी. दादाने दोनदा फोन केला, पलीकडून विचारलं, इंदूर म्हणजे मध्य प्रदेशात ना, तिथे मराठी बघतात का लोक? दादाने जनगणनेचा आकडा आणि आगाऊ पैसे देणाऱ्यांची यादी दोन्ही ईमेलने पाठवलेत. उत्तर आलं की कळवतेच.