जीआर निघाला म्हणून खटला संपत नाही

‘आंदोलनातले गुन्हे सरकारने मागे घेतले, जीआर निघालाय, आता तारखेला जायची गरज नाही. बाकीच्यांनी फिर्यादीला पोलीस ठाण्यात नेऊन केस मागे घेतल्याचं लिहून द्यावं.’ हा मेसेज सध्या खूप फिरतोय. तो खरा मानून तारीख चुकवली तर घरी अजामीनपात्र वॉरंट येऊ शकतं, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

‘सरकारने गुन्हे मागे घेतले.’ सरकारला तो अधिकारच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६० (जुनं सीआरपीसी ३२१) सांगतं की खटला मागे घेण्याचा अर्ज त्या खटल्याचा सरकारी वकील करतो, आणि तोही न्यायालयाची संमती मिळाली तरच मंजूर होतो. जीआर म्हणजे फक्त धोरण. त्यातही अटी असतात: जीवितहानी झालेली नको, मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नको. तुमचा खटला त्यात बसतो का, हे सरकारने त्यासाठी नेमलेली समिती ठरवते. मग शिफारस सरकारी वकिलाकडे जाते, आणि तिथून पुढे त्याने स्वतः कागद वाचून मत बनवायचं असतं. ‘शासन निर्णयानुसार मागे घेत आहोत’ एवढ्या एका ओळीचा अर्ज फेटाळला जातो, कारण माघार जनहिताची कशी, हे त्यात कुठेच नसतं. सीबीआयने तपासलेला किंवा केंद्राच्या मालमत्तेचा गुन्हा असेल तर केंद्राची परवानगीही लागते.

न्यायालय ही संमती डोळे झाकून देत नाही. १३ मार्च २०१५ ला केरळ विधानसभेत अर्थसंकल्पाच्या वेळी तोडफोड झाली, नुकसान २,२०,०९३ रुपयांचं. पुढे सरकार बदललं आणि सरकारी वकिलाने माघारीचा अर्ज दिला. तिरुवनंतपुरमच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो फेटाळला, उच्च न्यायालयानेही नकार दिला आणि २८ जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानेही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक आदेश आला: आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. नव्या संहितेत तर पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय माघार मंजूरच करता येत नाही.

‘फिर्यादीने लिहून दिलं की केस बंद.’ पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यात फिर्यादी हा साक्षीदार, खटला चालवणारं राज्य. पोलीस ठाण्यातला जबाब फार तर तपासाच्या कागदांत जातो. तडजोड करायची तर कोणत्या गुन्ह्यात ती चालते, हे सांगणारा याच संहितेच्या कलम ३५९ चा तक्ता बघा. साध्या दुखापतीत ज्याला मार लागला तो स्वतः तडजोड करू शकतो, फसवून मालमत्ता घेतल्याच्या कलमात (जुनं आयपीसी ४२०) न्यायालयाची परवानगी हवी आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम तक्त्यात नाहीच. तक्त्याबाहेरच्या गुन्ह्यासाठी उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, सोबत फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र. खून, बलात्कार, दरोडा यांत समेट झाला तरी सहसा उपयोग होत नाही.

मेसेजमध्ये नसलेला, पण नेहमी ऐकू येणारा आणखी एक दावा: ‘पोलिसांनी समरी पाठवली, विषय संपला.’ समरी म्हणजे तपास बंद करायचा पोलिसांचा न्यायालयाला अहवाल. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ब म्हणजे फिर्याद खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्ही निव्वळ प्रस्ताव. दंडाधिकारी फिर्यादीला नोटीस काढतात, त्याचं ऐकतात आणि समरी नाकारून पुढचा तपासही लावू शकतात.

मग तारखेला जाणं कधी थांबवायचं? रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या खटल्याच्या रोजच्या नोंदीत, माघारीचा आदेश आला, की मगच. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून हे रोज पाहता येतं. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि तिच्यात आपलं नाव शोधा, कारण माघार काही आरोपींपुरती किंवा काही कलमांपुरतीही असू शकते. आरोप निश्चित होण्याआधी माघार झाली तर ‘दोषमुक्त’, नंतर झाली तर ‘निर्दोष मुक्तता’ असं लिहिलेलं असतं. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हाच कागद लागतो, जीआरची झेरॉक्स तिथे चालत नाही. अर्ज प्रलंबित असताना हजर राहणं शक्य नसेल, तर वकिलामार्फत त्या तारखेचा गैरहजेरी माफीचा अर्ज द्या.