‘दहा मिनिटांत उरकलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: मेंदूच्या गाठीचा पेट स्कॅन (इंजेक्शनने दिलेल्या किरणोत्सारी औषधाचे, म्हणजे ट्रेसरचे, किरण मोजून काढलेलं चित्र) 20 ऐवजी 10 मिनिटांत उरकला तर किरण निम्मेच मोजले जाणार, मग आकडा निम्म्यावर यायला हवा, मी मात्र ‘आकडा वाढू शकतो’ म्हणतो, म्हणजे माझं गणित कच्चं. शिवाय तुमच्या मेहुण्यांचा टीबीआर (गाठ आणि निरोगी मेंदू यांच्या आकड्यांचं गुणोत्तर) आधी 2.1 होता, तीन महिन्यांनी दुसऱ्या सेंटरवर 2.4 आला. ‘गाठ वाढली की सेंटरने घाई केली, एक काय ते सांगा.’

आधी गणित. मोजलेल्या किरणांना स्कॅनच्या वेळेने भागतात, त्यामुळे सरासरी निम्मी होत नाही. बिघडतो तो स्थिरपणा. आपल्याकडे जूनमधली पहिली सर येते तेव्हा अंगणात दोनशे वाट्या मांडून बघा. पहिल्या मिनिटाला एखादी वाटी कोरडी, तर एखादीत इतरांच्या तिप्पट थेंब. अर्धा तास पडू द्या, सगळ्या जवळपास सारख्या भरतात. पाऊस तोच, पण पहिल्या मिनिटाला ‘सर्वांत भरलेली वाटी’ विचारली तर उत्तर फुगलेलं येणार. चित्रातले बारीक ठोकळे, म्हणजे व्हॉक्सेल, या वाट्यांसारखेच. 100 किरण मोजले तर चढउतार साधारण 10 टक्के, 400 मोजले तर 5 टक्के.

आता टीबीआर. गाठीतला आकडा भागिले निरोगी मेंदूतला आकडा. बऱ्याच ठिकाणी वर गाठीतला सर्वांत मोठा व्हॉक्सेल घेतात आणि खाली समोरच्या बाजूच्या मोठ्या भागाची सरासरी. खालची संख्या फारशी हलत नाही, वरची नशीबवान वाटी असते. म्हणून घाईचा स्कॅन गुणोत्तर वर ढकलतो. चित्र जास्त गुळगुळीत करणारा फिल्टर लावला तर तेच खाली येतं, हेही खरं.

एक चूक मात्र माझी. ‘वेळ’ हा शब्द मी दोन अर्थांनी वापरला होता, तो लेखात दुरुस्त केलाय. स्कॅन किती मिनिटं चालला ही एक गोष्ट, इंजेक्शननंतर कितव्या मिनिटाला सुरू झाला ही वेगळी, आणि माझ्या मते जास्त धोक्याची. एफईटी हा अमिनो आम्लासारखा ट्रेसर असेल तर साधं चित्र सहसा इंजेक्शननंतर 20 ते 40 मिनिटांच्या टप्प्यात घेतात. आक्रमक ग्लायोमात (ग्लायोमा हा मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) हा ट्रेसर बहुधा लवकर शिखर गाठून उतरू लागतो, सौम्य गाठीत बरेचदा हळूहळू चढतच राहतो. म्हणजे उशिरा स्कॅन केला तर वाईट गाठीचा आकडा थोडा कमी दिसायचा! या ट्रेसरमधल्या किरणोत्सारी फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सुमारे 110 मिनिटं, पण त्या घटीची दुरुस्ती सॉफ्टवेअर करतं. हा फरक गाठीच्या स्वभावातून येतो.

आणि सेंटरला लगेच चोर ठरवू नका, राजेहो. डोकं ठणकणाऱ्या माणसाला 20 मिनिटं निश्चल पडून राहा म्हणणं सोपं आहे. डोकं हललं की चित्र फिसकटतं आणि सर्वांत मोठा आकडा खाली येतो. तिथे 10 शांत मिनिटं बरी.

मेहुण्यांचं सांगायचं तर 2.1 आणि 2.4 एवढ्यावरून मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या ज्या दोन सेंटरचे रिपोर्ट आहेत, तिथे चार गोष्टी विचारा: ट्रेसर कोणता, इंजेक्शननंतर कधी सुरू केला, किती मिनिटं चालला, गुणोत्तर कसं काढलं. एका ठिकाणी एफईटी आणि दुसरीकडे एफडीजी (साखरेसारखा ट्रेसर) निघालं तर तुलनाच संपली, कारण एफडीजी निरोगी मेंदूतही भरपूर जातं. ट्रेसर एकच असेल आणि लांब स्कॅनचा कच्चा डेटा अजून ठेवलेला असेल, तर त्यातली दहाच मिनिटं घेऊन चित्र पुन्हा बांधता येतं आणि 10 ला 10 शी ताडून बघता येतं. हा डेटा फार दिवस ठेवत नाहीत, तेव्हा उद्याच फोन करा. मग दोन्ही सीडी घेऊन त्यांच्या न्यूरोसर्जनना दाखवा, एमआरआयसकट.