आंटीचं तेर्स आणि माझा टाईम

परवा चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, रोज प्रार्थनेला कोण कोण बसतं, आणि धडाधड हात जोडलेले इमोजी पडले, त्यात एक माझाही. खोटा. त्या आठवड्यात मी एकदाही बसले नव्हते.

कारणं भरपूर आहेत हो. गोव्यात वेर्ण्याला कंपनी, फर्स्ट शिफ्ट असली की सहा दहाची बस, आल्यावर लेकीचा होमवर्क, मासे साफ करा, भांडी. वर माझं एक पेटंट उत्तर तयार असतं, की मी येताजाता देवाशी बोलतच असते, बायबलमध्ये पौलानेच नाही का थेस्सलनीकाकरांना लिहिलंय, "निरंतर प्रार्थना करा". खरं सांगू, बसमध्ये मी रील्स बघते. आणि नवरा जर म्हणाला की तुझ्याशी फक्त गाडी चालवताना बोलेन, समोर बसणार नाही, तर मी त्याला काय सुनावेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही मूळचे नगरचे, प्रोटेस्टंट. लहानपणी जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना, लाईट गेली तर कंदिलात, ना. वा. टिळकांचं एखादं गीत आणि मग बाबा सुरू, सगळ्या नातेवाइकांचे गुडघे आणि बीपी येईपर्यंत ते आमेन म्हणायचे नाहीत, आम्ही भावंडं एक डोळा उघडून भाकरीकडे बघत बसायचो. पण शब्द त्यांचे स्वतःचे असायचे. तिथूनच डोक्यात बसलं की मनातून येते तीच प्रार्थना, बाकी कॅथलिक लोकांची माळ म्हणजे पाठांतर. (आमच्याकडे हे उघड कुणी बोलत नाही, पण मनात असतं बरं का.)

आता इथे गोव्यात नुवेंला राहतो, भिंतीपलीकडे कॅथलिक घरमालकीण आंटी. संध्याकाळी साडेसात म्हणजे साडेसात तिचं तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना: घरातल्या आल्ताराजवळ (देव्हाऱ्याजवळ) मेणबत्ती आणि "नमान मारिये, कुर्पेन भरलेले", म्हणजे कृपेने भरलेल्या मरिये, तुला नमन. सुरुवातीचे तीन आणि मग दहा-दहाचे पाच, मिळून 53 वेळा, वीसेक मिनिटं लागतात. एकदा पाण्याची मोटर बंद पडली म्हणून मी धावत गेले तर माळेतला मणी बोटात तसाच धरून म्हणाली, "राव गो, तेर्स सोंपूंदी." थांब गं, तेर्स संपू दे. मोटर वीस मिनिटं बंदच राहिली, काही बिघडलं नाही.

तेव्हा लागलं मनाला. तिचं पाठांतर रोज देवासमोर हजर असतं, आणि माझी मनापासूनची प्रार्थना तीन-तीन आठवडे गैरहजर! मन लागेल तेव्हा बसू म्हटलं तर माझं मन नाताळला एकदा लागतं आणि ईस्टरला एकदा.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय परत वाचला. आदल्या संध्याकाळी सगळं गाव येशू होता त्या घराच्या दाराशी जमलेलं, आजारी, भूतबाधा झालेले, म्हणजे ओव्हरटाईमच, आणि तरी 35व्या वचनात तो अंधार असतानाच उठून एकांतात जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधतायत म्हणून. म्हणजे त्याचेही मिस्ड कॉल पडलेले होतेच की. आणि तो त्या गर्दीकडे परतत नाही, म्हणतो दुसऱ्या गावांत जाऊ. हे मी इतकी वर्षं वाचून सोडून दिलं होतं.

पहाटे उठणं मला जमणार नाही, उगाच पोस्टमध्ये शपथा घेत नाही. मी आंटीचाच टाईम चोरलाय. तिचं सुरू झालं की गॅस बंद, मी आणि लेक एक स्तोत्र वाचतो, प्रार्थना करतो, दहा मिनिटं, बऱ्याचदा निम्मं लक्ष कुकरकडे असतं. असूदे.

काल आंटी बहिणीकडे गेली होती, भिंत गप्प. पावणेआठला लेक म्हणाली, "आई, आज आंटीचं तेर्स नाही, मग आपल्यालापण सुट्टी?" माझ्या तोंडात हो आलंच होतं.

मग उठून गॅस बंद केला.