एक तारखेचं ओझं

पहिल्यांदाच घर सोडून एकट्याने राहायला निघालेल्या मुलामुलींना सध्या साधेपणाचे सल्ले दोन बाजूंनी मिळतात. एक व्हिडिओंमधून. पांढऱ्या भिंती, खिडकीत एक झाड, लाकडी टेबल आणि त्यावर एकच मग. दुसरा नातेवाइकांकडून. दिवे बंद करा, बाहेरचं खाऊ नका, पै-पै जपा. मला दोन्ही सल्ले तितकेसे पटत नाहीत. व्हिडिओतला साधेपणा विकत घ्यावा लागतो आणि तो चांगलाच महाग असतो. नातेवाइकांचा सल्ला खोटा नाही, पण माणूस आयुष्यभर चिल्लर मोजत राहतो आणि नोटा कुठे गेल्या ते त्याला कळत नाही.

माझं मत असं की, साधं राहायचं असेल तर आधी एक गोष्ट बघावी. महिन्याच्या एक तारखेला, आपण काहीही न करता, किती पैसे आपोआप जातात? भाडं, हप्ते, विमा, इंटरनेट, जिमची वर्गणी, कधी सुरू केली ते आठवतही नाही अशी सबस्क्रिप्शन्स. हा बांधील खर्च. तो कमी असेल तर बाकी सगळ्यात थोडा ढिलेपणा चालतो. तो जास्त असेल तर चहा सोडूनही काही हाती लागत नाही.

विजेचं बिलच घ्या. 1000 वॅटचं उपकरण तासभर चाललं की 1 युनिट. पाणी तापवायचा 2000 वॅटचा हीटर तासभर चालला की 2 युनिटं गेली. तेवढ्याच विजेवर 9 वॅटचा एलईडी दिवा 222 तास, म्हणजे रात्रंदिवस धरून नऊ दिवसांहून जास्त जळेल. तरी घरात ओरडा होतो तो दिव्यावरून. (दिवे चालू ठेवा असं मी म्हणत नाहीये, माझ्या आईने ही पोस्ट वाचली तर स्पष्ट असलेलं बरं.) पैशाचं गणितही याच चालीचं आहे. आपण दिव्यांवर लक्ष ठेवतो आणि हीटर विसरतो.

आणि आपला हीटर म्हणजे बहुतेक वेळा भाडं. उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडं चालतं, हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो आला कुठून तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत 1969 साली ब्रूक दुरुस्ती नावाची कायद्यातली तरतूद झाली. सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही, अशी ती मर्यादा होती. 1981 मध्ये ती 30 टक्क्यांवर नेली. म्हणजे हा आकडा ठरला तो 'याच्या वर घेऊ नका' असं घरमालकाला, तेही सरकारला, सांगण्यासाठी. आज तोच आकडा नवा पगार हातात आलेल्या मुलांना 'इथपर्यंत बिनधास्त जा' म्हणून सांगितला जातो.

उलट बाजूही सांगते. हेर्मान श्वाबे या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या घरभाड्यांचा अभ्यास करून 1868 मध्ये दाखवलं होतं की, उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला भाड्याचा वाटा मोठा. त्यामुळे पहिल्या पगारातला मोठा लचका भाडंच तोडतं यात तुमच्या उधळपट्टीचा दोष शोधायला जाऊ नका. पगार तुटपुंजा असताना कोणी तुम्हाला 'गरजा कमी करा' असं ऐकवलं, तर मान हलवा आणि पगारवाढ मागा. घरी पैसे पाठवून उरलेल्यात राहणाऱ्यांना साधेपणावर प्रवचन देण्याचा तर कोणालाच हक्क नाही. मी लिहितेय ते ज्यांना निवडीला थोडीतरी जागा आहे त्यांच्यासाठी.

त्यांनी हा हिशोब करून बघावा. पगाराच्या 90 टक्के खर्च होत असतील तर महिन्याला 10 टक्के उरतात. म्हणजे एका महिन्याच्या खर्चाची बेगमी करायला 9 महिने लागतात. 60 टक्के खर्च होत असतील तर तेवढीच बेगमी दीड महिन्यात होते. पगार दोघांचा सारखाच. पण साहेबाने अंगावर फाइल फेकली तर एक जण राजीनाम्याचा विचार करू शकतो आणि दुसरा फाइल उचलतो. एकट्याने राहण्यातलं स्वातंत्र्य म्हणजे रात्री कितीही वाजता घरी येणं, असं विशीत वाटतं. मला खरं स्वातंत्र्य इथे दिसतं, या दीड आणि नऊच्या फरकात.

म्हणूनच पहिल्या घरासाठी हप्त्यावर काही घेऊ नये या मतावर मी हट्टाने ठाम आहे. सोफा नाही, टीव्ही तर नाहीच. आणि क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम' म्हणून जे लिहिलेलं असतं ते भरून गप्प बसू नये. महिन्याला 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने वर्षाला ते 42 टक्क्यांच्या वर जातं. इतका परतावा देणारी गुंतवणूक कोणी सुचवली तर आपण त्याला भामटा समजतो, पण तेवढं व्याज भरताना हूं की चूं करत नाही.

आता, बांधील खर्च कमी करायचा म्हणून लोक काय करतात, तर शहराच्या टोकाला स्वस्त घर घेतात. इथे सावध. जायला एक तास जास्त, यायला एक तास जास्त. वर्षाचे 250 कामाचे दिवस धरले तर 500 तास झाले. जवळजवळ 21 अख्खे दिवस, झोपेसकट. त्या थकव्यात कोणी घरी येऊन स्वयंपाक करत नाही, बाहेरून मागवतो. म्हणजे भाड्यात वाचलेले पैसे दुसऱ्या दाराने जातात. माझ्या मते लांबच्या आख्ख्या घरापेक्षा जवळच्या घरातली एक खोली बरी, रूममेटसकट.

रूममेटबद्दल एकच सांगते. भाडं कसं वाटायचं हे सगळे ठरवतात, बाथरूम कोण घासणार हे कोणी ठरवत नाही, आणि भांडणं बाथरूमवरूनच होतात. पहिल्या आठवड्यात लिहून टाका. मैत्री असेल तर नक्कीच लिहा.

घासण्यावरून आठवलं. घरकाम हा एकट्याने राहण्यातला असा भाग आहे, ज्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, कारण घरी ते कोणीतरी मुकाट्याने करत असतं आणि ते कोणीतरी बहुधा आईच असते. ब्लीच आणि टॉयलेटसाठीचं अ‍ॅसिड कधीही एकत्र ओतायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक असतो, हे बऱ्याच हुशार पदवीधरांना माहीत नसतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आकडे न सांगता आईही तेच सांगत आलेली असते. हे सगळं येणं म्हणजे माझ्या लेखी साधं राहणं. स्वतःचं जेवण स्वतः करता आलं, फाटलेलं शिवता आलं, गळका नळ दिसल्यावर पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे माहीत असलं, की कितीतरी गोष्टींसाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

त्यामुळे नव्या घरात गेल्यावर पडद्यांचा रंग ठरवण्याआधी तो कॉक आणि विजेचा मेन स्विच शोधा. मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. भिंतींवरची ओल, तुटकी फरशी, न लागणारी खिडकी, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवून द्या. घर सोडताना डिपॉझिटवरून वाद झाला तर हेच कामाला येतं. करारात नोटिशीचा कालावधी किती आहे ते सहीच्या आधी वाचा. सोडायला अवघड असलेलं घर, भाडं कमी असलं तरी, स्वस्त नसतं.

कंजूसपणा कुठे करू नये हेही सांगायला हवं, कारण साधेपणाच्या नादात काही जण पाठदुखी कमावतात. गादी चांगली घ्या. दाराचं कुलूप चांगलं घ्या. दिवसभर बसून काम असेल तर खुर्ची. बाकी सगळं जुनं, मागून आणलेलं, एकमेकांशी न जुळणारं चालतं. ताटं मात्र दोन तरी ठेवा. एकाच ताटाचा संसार फोटोत छान दिसतो, पण मग कोणी जेवायला येत नाही, आणि एकट्याने राहणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

आणि हो, 'मी माझ्या पायावर उभा आहे' असं सांगणाऱ्या काहींच्या फोनचं बिल आणि विम्याचा हप्ता अजून घरून जात असतो. जाऊ दे, त्यात लाज नाही. फक्त आपला हिशोब मांडताना ते पैसे धरा. नाहीतर ज्या मित्राचं असं कोणी नाही, त्याला आपण नकळत 'तुला जमत नाही' असं ऐकवत राहतो.

शेवटचं आईबाबांसाठी. मुलगा किंवा मुलगी निघताना गाडी भरून सामान देऊ नका. माळ्यावरचं कपाट, लग्नात आलेला डिनर सेट, कोणालाच नको असलेलं ते शोकेस. पोरांना नाही म्हणता येत नाही, आणि मग ते सामान मावेल एवढं मोठं घर त्यांना भाड्याने घ्यावं लागतं. द्यायचंच असेल तर तीन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम बाजूला ठेवून द्या, 'अडचण आली तर माग, कारण विचारणार नाही' असं सांगून. आणि खरंच विचारू नका.