बाटलीतला ‘क्वांटम भोवरा’

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘१९९९ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी दोन क्वांटम फील्ड एकमेकांत गुंफून भोवरा तयार केला, त्यांना नोबेल मिळालं. तोच भोवरा आमच्या तांब्याच्या बाटलीतल्या स्पायरलमुळे पाण्यात तयार होतो. नॉनलिनियर कपलिंगमुळे पाण्याची ऊर्जा कित्येक पट वाढते. ऋषिमुनींना हे ठाऊक होतं. तीन महिन्यांत शुगरच्या गोळ्या बंद.’ असलं काही मी एरवी न वाचता डिलीट करतो. पण मामींचा फोन आला, ‘बाटली मागवू का रे? यांनी गोळी अर्धी केलीसुद्धा.’ म्हणून हा खटाटोप.

१९९९चा प्रयोग खरा आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या ‘जिला’ या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत झाला, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या शोधपत्रिकेत छापून आला. मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडून तरी बघायचा! चुंबकीय सापळ्यात धरलेले रुबिडियमचे काही लाख अणू, तापमान निरपेक्ष शून्याच्या (साधारण उणे २७३ अंश सेल्सिअस) वर अंशाच्या कोटीव्या भागाच्या आसपास. अणू एकाच जातीचे, पण त्यांच्या दोन अवस्था. म्हणून ‘दोन फील्ड’. आणि तिथे कुणी काही ढवळलंच नव्हतं. लेसर आणि मायक्रोवेव्ह वापरून एका अवस्थेतले अणू दुसरीत असे नेले, की अणूंच्या तरंगाची कला (म्हणजे चढ-उताराच्या चक्रातली जागा) मध्याभोवती एक पूर्ण फेरा घेईल. एका अवस्थेतले अणू कड्यासारखे फिरतात, दुसऱ्या अवस्थेतले मधल्या पोकळीत न फिरता बसून राहतात. कोणती अवस्था फिरती ठेवली यावर भोवरा टिकणार की मोडणार हे बदलतं, हेही त्यांना दिसलं. यात स्पायरल कुठे आहे?

बरं, नोबेल. त्या गटातल्या कॉर्नेल आणि वीमन यांना केटर्ले यांच्यासोबत २००१ साली मिळालं, ते मूळ कंडेन्सेटसाठी, म्हणजे अतिथंड अणू मिळून एकाच तरंगासारखे वागतात ती स्थिती तयार केल्याबद्दल. भोवऱ्यासाठी नाही.

आता पाणी. क्वांटम भोवरा व्हायला कणांचे तरंग एकमेकांवर चढून सगळ्यांचा मिळून एकच तरंग व्हावा लागतो. खोलीच्या तापमानाला पाण्याच्या रेणूची तरंगलांबी साधारण ०.२४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) येते आणि शेजारचा रेणू असतो ३ अँगस्ट्रॉमवर. दहापटींहून जास्त अंतर, गाठ पडणार कशी? द्रव हीलियमला हे जमतं, पण २.१७ केल्विनच्या, म्हणजे साधारण उणे २७१ अंश सेल्सिअसच्या खाली. तिथे भोवऱ्याचं अभिसरण, म्हणजे फिरण्याचं माप, हवं तेवढं ठेवता येत नाही, ठरावीक एककाच्या पूर्ण पटीतच मिळतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ व्हिनेन यांनी ते १९६१ साली मोजून दाखवलं. पाण्याचा तोवर कधीच बर्फ झालेला असतो. तांब्यात पळी फिरवून सोडून द्या, पाणी घर्षणाने थोड्याच वेळात शांत होतं. बाटलीतही तेच होतं.

‘नॉनलिनियर’ या शब्दाला तर फारच राबवलंय. अशा अतिथंड अणूंचं वागणं मांडणाऱ्या ग्रोस-पिताएव्स्की समीकरणात त्याचा अर्थ एवढाच, की अणू एकमेकांना ढकलतात आणि तो परिणाम घनतेवर अवलंबून असतो. दोन अवस्था असल्या की दोन समीकरणं, प्रत्येकात दुसरीच्या घनतेचं पद. ऊर्जा इकडून तिकडे जाते, वाढत नाही.

ऋषिमुनींबद्दल मेसेजमध्ये ना ग्रंथ ना श्लोक, त्यामुळे पुढे जाऊ. तांब्याबद्दल मात्र मान्य करावं लागतं: रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले काही जिवाणू मरतात. मामींच्या घरी तांब्याचा हंडा आहेच.

राहिली गोळ्यांची ओळ, आणि माझा खरा राग तिच्यावर. पाण्याने मधुमेहाची गोळी सुटत नाही. मनाने डोस कमी केला की साखर गुपचूप चढते, त्रास जाणवेपर्यंत डोळे आणि मूत्रपिंडं भोगत असतात. इन्सुलिनवर असलेल्याने ते बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. ‘अमुक घ्या, मधुमेह बरा होईल’ अशी जाहिरात करायला १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. त्याच्या यादीत मधुमेह नाव घेऊन लिहिलेला आहे. मेसेजखाली ऑर्डरसाठी मोबाइल नंबर दिलाय. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला तेवढा पुरे. मामांची पूर्ण गोळी परत सुरू झाली आहे, त्यांच्या डॉक्टरांना विचारून.