दिसत नाही म्हणजे नाहीच ना?

"एवढंसं नखाएवढं कार्ड! कॉपी-पेस्ट करा की!" शेजारच्या काकांनी हे मला चारचौघांत सुनावलं. अजून डोक्यातून जात नाही.

रास्पबेरी पाय ३ या छोट्याशा कॉम्प्युटरच्या मेमरी कार्डावरचं लिनक्स (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) नव्या पाय ४ वर न्यायचं, एवढंच काम होतं. कार्ड रीडर उसना मागायला गेलो, तर काकांनी "आधी बघू तरी" म्हणत कार्ड स्वतःच्याच लॅपटॉपला लावलं. विंडोजने लगेच विचारलं, फॉरमॅट करायचं का?

"करू?"

"नको! नाही म्हणा!"

"अहो, ते स्वतःहून विचारतंय."

"ते सगळ्यांनाच विचारतं, काका. लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम त्याला वाचता येत नाही."

मग त्यांना बूटचं (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं) छोटं फॅट३२ पार्टिशन, म्हणजे कार्डाचा विंडोजला वाचता येणारा तुकडा, दिसलं. चेहरा उजळला. "३२ जीबीचं म्हणून घेतलंत ना? हे तर २५६ एमबीसुद्धा भरत नाही. फसवलं तुम्हाला!"

"बाकीचं आहे, पण विंडोजला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाहीच ना?" असं म्हणून त्यांनी दिसत होत्या तेवढ्या फाइली पेनड्राइव्हवर ओढल्या. "घ्या. झालं तुमचं काम."

फसवणूक आहेच, फक्त काकांनी बोट ठेवलं तिथे नाही. दोन कंपन्यांच्या '३२ जीबी' कार्डांत सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) तेवढेच नसतात. डीडी (लिनक्सची कॉपी करायची कमांड) कार्ड पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत उतरवतं, त्यातली रिकामी जागासुद्धा. नवं कार्ड जरासं जरी लहान निघालं, तरी सगळं उतरवून झाल्यावर अगदी शेवटी सांगतं, जागा संपली. हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि वेष्टनावर सेक्टरचा आकडा छापायला कंपन्यांना किती शाई लागते?

यावर उपाय म्हणजे कार्ड दुसऱ्या लिनक्स मशीनला लावायचं, अनमाउंट करायचं आणि जीपार्टेड या प्रोग्राममध्ये रूट पार्टिशन (लिनक्स असतं तो मोठा तुकडा) एखादा जीबी आखडून घ्यायचं. मगच डीडी, बीएस=४एम (एका वेळी ४ एमबी) देऊन. त्याआधी एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने कुठलं कार्ड कुठलं हे दोनदा बघा. आयएफ (कुठून) आणि ओएफ (कुठे) यांची अदलाबदल झाली की कोऱ्या कार्डाची सुबक प्रत मिळते. आखडल्यावरही जागा संपल्याची बोंब येईलच, पण आता सांडतं ते रिकामं. मात्र एररवर डीडी अर्ध्यातच उठतं, म्हणून वर सिंक (लिहायचं राहिलेलं कार्डावर उतरवणारी कमांड) द्यायचं. रूट पुन्हा पसरायचं काम रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रामकडे.

एवढं करून पाय ४ वर हिरवा दिवा चार वेळा लुकलुकला, तर त्याला सुरू व्हायला लागणारी स्टार्ट४.ईएलएफ ही फाइल सापडलेली नाही. पाय ४ आला जून २०१९ मध्ये. त्याआधीच्या, कधीच अपडेट न केलेल्या सिस्टिममध्ये ही फाइल असणार कुठून? जुन्या बोर्डावर असतानाच सिस्टिम निदान बस्टर या आवृत्तीवर आणायची आणि मग क्लोन करायचं. पाय ५ ला निदान बुकवर्म ही आवृत्ती लागते.

दोन्ही बोर्ड एकाच नेटवर्कवर चालवायचे असतील, तर मशीनची ओळख ठरवणारे होस्टनेम, मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट की नव्या करा. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) हाही तोच असतो, म्हणून जुनं कार्ड यूएसबी रीडरमधून त्याच बोर्डाला लावून बूट करू नका. कर्नल (लिनक्सचा गाभा) रूट पार्टिशन शोधतो तो त्याच आकड्यावरून, आणि दोघांतलं कुठलं उचललं ते आपल्याला सांगायला थांबत नाही.